‘देवराई’ ते ‘कासव’ : मनोरुग्णाविषयीच्या सहानुभूतीची अट

‘वेड’ हा मराठीतील मोठा दुटप्पी शब्द आहे. लेकराला लाडाने ‘वेडा रे वेडा’ म्हटले जाते, वारकऱ्याला पंढरीचे वेड असते, एखाद्याला वाचनाचे वेड लागले तर त्याचे कौतुक होते. मात्र शेजारच्या घरातील तरुण मुलगा रात्री-अपरात्री स्वतःशीच बोलू लागला, की हाच शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो आणि त्यानंतर त्याच्या बहिणीसाठी सांगून येणारी स्थळे हळूहळू कमी होतात. गावांच्या नावांचीही हीच गत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु पुण्यातील माणूस ‘येरवड्याला पाठवा’ किंवा मुंबईतील माणूस ‘ठाण्याला न्या’ असे म्हणतो, तेव्हा तो रुग्णालयाचा पत्ता सांगत नसतो. उपचाराच्या जागेचे नावच जेथे शिवी होते, तेथे त्या जागेची पायरी चढण्याआधी कुटुंबाला किती वेळ लागत असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

मानसिक आजाराशी निगडित असलेल्या या कलंकभावनेचा सर्वाधिक गांभीर्याने आणि सातत्याने विचार करणारे मराठी चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाने दिले, याविषयी दुमत होऊ नये. त्यांपैकी ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’ (२०१६) या दोन चित्रपटांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या चित्रपटांचे आजवरचे मूल्यमापन बहुधा ‘संवेदनशील चित्रण’ या एका शब्दप्रयोगाशी येऊन थांबते. ही संवेदनशीलता खरी आहे. तथापि ती कोणाच्या वाट्याला येते, कोणत्या अटीवर येते आणि कोणाला वगळते, हा प्रश्न विचारल्यावाचून समीक्षेचे काम पूर्ण होत नाही.

घराण्याला लागलेला डाग

‘देवराई’ची निर्मितीच एका सामाजिक हेतूतून झाली. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी करणारे, कॅनडास्थित संख्याशास्त्रज्ञ जगन्नाथ वाणी यांचा या चित्रपटामागे पुढाकार होता. अशा हेतुप्रधान कलाकृतीचे बहुधा माहितीपत्रक होते. ‘देवराई’चे तसे झाले नाही, याचे श्रेय पटकथेच्या एका निर्णयाला द्यावे लागेल. चित्रपटाने आजारी शेषइतकेच त्याच्या बहिणीला, सीनाला, महत्त्व दिले. कोकणातील घर, तेथील देवराई आणि चुलत-मावस नात्यांच्या गोतावळ्यात वाढलेला शेष (अतुल कुलकर्णी) भासांच्या आणि संशयाच्या गर्तेत सापडतो. पुण्यात संसार करणारी सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते आणि उपचार सुरू होतात. येथून पुढे चित्रपटातील ताण शेषच्या मनात जितका आहे, तितकाच सीनाच्या स्वयंपाकघरात, तिच्या नवऱ्याच्या मौनात आणि घरातल्या माणसांनी एकमेकांकडे टाकलेल्या कटाक्षांत आहे.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलंकविषयक ग्रंथात असे दाखवून दिले आहे, की कलंक हा व्यक्तीच्या अंगी असलेला गुणधर्म नसून तो दोन माणसांमधील संबंधातून घडतो. आणि तो व्यक्तीपाशी थांबत नाही, तिच्याशी नाते असलेल्यांनाही चिकटतो. मराठी कुटुंबाला हे समजावून सांगण्यासाठी गॉफमनची गरज नाही. ‘त्यांच्या घराण्यात आहे’ एवढे तीन शब्द पुरतात. काय आहे, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. ‘देवराई’ हे न बोललेले वाक्य पडद्यावर आणतो. सीनाची भीती दुहेरी आहे. भावाचे काय होईल ही एक आणि आपल्यातही ते असेल का ही दुसरी. दुसरी भीती उघडपणे बोलता येत नाही, कारण ती बोलणे म्हणजे भावाशी द्रोह ठरतो. सोनाली कुलकर्णी यांनी ही घुसमट पुष्कळदा संवादावाचून, केवळ हातातले काम अर्धवट थांबवून दाखवली आहे. त्या काळातील लोकप्रिय हिंदी चित्रपटाशी तुलना केली, तर हे वेगळेपण अधिक ठळक होते. ‘तेरे नाम’ (२००३) मधील नायकाचा वेडेपणा हा प्रेमभंगाचा आणि मारहाणीचा परिपाक असतो. तो दुःखाची पराकाष्ठा दाखवण्यापुरता येतो. त्या वेडाला ना निदान आहे, ना औषध, ना दुसऱ्या दिवशीची सकाळ. ‘देवराई’त औषधाच्या वेळा आहेत.

या घराण्याच्या डागाला कायद्याचेही अधिष्ठान आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील घटस्फोटाच्या कारणांमध्ये ‘मानसिक विकार’ हे कारण आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचा नामनिर्देश आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ आजाराचे नाव लावल्याने घटस्फोट मिळत नाही. सहजीवन अपेक्षिता येणार नाही इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. हा निकाल महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच कायद्यातील विवाहाच्या अटींमधून फेफऱ्याचा उल्लेख १९९९ मध्ये वगळला गेला, घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये गेला, स्किझोफ्रेनियाचे नाव मात्र राहिले. इतर कोणत्याही आजाराचे नाव त्या स्पष्टीकरणात इतक्या थेटपणे लिहिलेले नाही. सीनाच्या घरातील कुजबुज ही केवळ अज्ञानाची कुजबुज नाही. तिला कागदाचाही आधार आहे.

नावाचा प्रश्न निघाला म्हणून एक अवांतर मुद्दा. पाठ्यपुस्तकी मराठीत स्किझोफ्रेनियाला ‘छिन्नमनस्कता’ हा प्रतिशब्द आहे, तर वर्तमानपत्री मराठीत ‘दुभंगलेले मन’. दोन्ही शब्दांमुळे एका देहात दोन माणसे राहतात, अशी चुकीची समजूत पक्की होते. वस्तुतः हा आजार व्यक्तिमत्त्व दुभंगण्याचा नव्हे, तर वास्तवाशी असलेला धागा तुटण्याचा आहे. जपानमध्ये ‘मन फाटण्याचा रोग’ अशाच अर्थाचे जुने नाव तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये बदलले, ते नावामुळे चिकटणारा कलंक कमी व्हावा यासाठीच. मराठीत असा विचार व्हावयास हवा होता. तो न होता आपण इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहू लागलो. हा कदाचित बरा पर्याय असेल. निदान त्या शब्दात फाटलेले काही दिसत नाही.

गुणवान रुग्णाची परंपरा

शेष कोण आहे? तो बुद्धिमान आहे, निसर्गाचा जाणकार आहे, देवराई जपली जावी म्हणून तळमळणारा आहे. त्याच्या भासांनाही एक काव्यात्म संगती आहे. ते झाडांशी, देवीशी, बालपणीच्या प्रेमाशी जोडलेले आहेत. चित्रपटाने देवराई हे मनाचे रूपक म्हणून वापरले आहे : जिथे कुऱ्हाड चालवायची नाही, जिथे सगळेच गुंतागुंतीचे वाढते आणि जिथे बाहेरच्याने जपून पाऊल टाकावे, अशी जागा. रूपक समर्थ आहे. कलावंताच्या दृष्टीने ते चित्रपटाचे बलस्थानच मानावे लागेल. कलंकाच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र ते अडचणीचे आहे.

कारण अर्थपूर्ण वेडाचा स्वीकार मराठी समाजाने पूर्वीपासूनच केला आहे. महानुभाव पंथातील गोविंदप्रभूंचे चरित्र पाहावे. ऋद्धिपुरातील लोक त्यांना वेडा म्हणतात, पिसा म्हणतात आणि त्याच तोंडाने त्यांच्याकडे संकटनिवारणासाठी धाव घेतात. तेथे वेड हे ईश्वरत्वाचे चिन्ह ठरते. दुसरे उदाहरण अगदी निराळ्या काळातले आणि निराळ्या घरातले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या (पहिला भाग १९३४) आरंभी त्यांच्या वडिलांचे, नानांचे, चित्र येते. १८५७ च्या धामधुमीनंतर घरातील जवळच्या माणसाला झालेल्या फाशीचा धक्का बसल्यावर नानांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यावी लागे आणि बायकामुलांचे जिणे त्या धुण्यात बुडून गेले. आजचा मानसोपचारतज्ज्ञ या वर्तनाला ज्या विकाराचे नाव देईल, ते सांगण्याची आवश्यकता नाही. लक्ष्मीबाईंनी हे सारे ज्या विनोदी, निर्वैर सुरात सांगितले आहे, त्यामुळे वाचक हसतो. परंतु त्या हसण्यामागची वस्तुस्थिती अशी, की नानांना त्या काळाने वेडा म्हणून वाळीत टाकले नाही. ते कर्मठ ठरले. त्यांच्या विकाराने समाजमान्य रूप धारण केले होते आणि त्याची किंमत घरातल्या स्त्रियांनी मोजली.

येथे एक आकृतिबंध दिसून येतो. वेडाला काही अर्थ असेल, मग तो ईश्वरी असो, धार्मिक असो वा प्रतिभेचा असो, तर समाज ते पोटात घालतो. लांछन लागते ते निरर्थक वेडाला. ज्याच्या बडबडीतून कविता निघत नाही, जो आंघोळ करत नाही, ज्याला औषधाने सूज आली आहे, जो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि ज्याला कशाचेच वेड नाही, त्याच्याकडे पाहणे समाजाला नकोसे होते. स्किझोफ्रेनियात भास-भ्रमांपेक्षा हे निरिच्छपणच कुटुंबाला अधिक काळ छळते. ‘आळशी झालाय’, ‘नाटकं करतो’ ही वाक्ये त्यातूनच येतात. ‘देवराई’ने भासांना जितका पडदा दिला, तितका या रिकाम्या दिवसांना दिला नाही. चित्रपटाने शेषवर प्रेम करण्याची कारणे प्रेक्षकाच्या हाती आधीच ठेवली आहेत. त्यामुळे प्रेक्षक हेलावून बाहेर पडतो, पण त्याने एका मनोरुग्णाला स्वीकारले की एका आजारी प्रतिभावंताला, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

या संदर्भात चित्रपटाला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार बोलका आहे. ५२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘देवराई’चा गौरव पर्यावरण संवर्धनविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून झाला. निवड समितीला दोष देण्याचे कारण नाही. पुरस्कारांच्या चौकटी ठरलेल्या असतात. परंतु झाडांनी माणसाला इतके झाकून टाकावे, याची बीजे पटकथेतच आहेत.

सामाजिक मानसशास्त्रातील एक जुने निरीक्षण येथे उपयोगी पडते. पूर्वग्रहाला छेद देणारी व्यक्ती फारच असामान्य असेल, तर पाहणारा पूर्वग्रह बदलत नाही. तो त्या व्यक्तीला ‘अपवाद’ या वेगळ्या कप्प्यात ठेवतो. उलट, बऱ्याच अंशी सामान्य, आजारासह जगणाऱ्या माणसाशी झालेला परिचय पूर्वग्रह अधिक ढिला करतो. केवळ वैद्यकीय माहितीचाही उपयोग मानला जातो तेवढा होत नाही. अमेरिकेतील १९९६ आणि २००६ च्या पाहण्यांची तुलना करणारा पेस्कोसोलिडो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत मानसिक आजार हे मेंदूचे विकार आहेत असे मानणाऱ्यांचे प्रमाण वाढले, उपचाराला पाठिंबाही वाढला. परंतु अशा व्यक्तीच्या शेजारी राहण्याची, तिच्यासोबत काम करण्याची वा तिच्याशी सोयरीक करण्याची अनिच्छा कमी झाली नाही. ‘हा मधुमेहासारखाच आजार आहे’ हे आपल्याकडील जनजागृतीचे लाडके वाक्य या कसोटीवर टिकत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला कोणी घर भाड्याने नाकारत नाही.

‘देवराई’ प्रदर्शित होण्याच्या तीनच वर्षे आधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका खाजगी निवासस्थानाला आग लागली. दर्ग्याच्या परिसरात बरे होण्याच्या आशेने नातेवाइकांनी आणून सोडलेले मनोरुग्ण तेथे साखळदंडाने बांधलेले होते. पळता न आल्याने त्यांपैकी २८ जणांचा मृत्यू झाला. शेषची देवराई आणि एरवाडीची झोपडी या दोन्ही जागांना श्रद्धेचे कुंपण आहे. फरक इतकाच, की एरवाडीच्या माणसांविषयी त्यांना कशाची आवड होती, हे कोणाला ठाऊक नाही.

नाव न विचारणारे घर

बारा वर्षांनी आलेल्या ‘कासव’मध्ये या दिग्दर्शकद्वयाने आपल्याच भूमिकेत एक सूक्ष्म पण मूलगामी बदल केला, असे म्हणता येईल. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळालेला हा चित्रपट नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न या विषयांवर आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण (आलोक राजवाडे) रुग्णालयातून पळतो आणि योगायोगाने जानकीला (इरावती हर्षे) भेटतो. स्वतः नैराश्यातून गेलेली, विभक्त झालेली जानकी त्याला कोकणातील घरी घेऊन जाते. तेथे दत्ताभाऊंचे (मोहन आगाशे) समुद्री कासवांच्या संवर्धनाचे काम चालू आहे.

महत्त्वाचे आहे ते तिचे न विचारणे. तू कोण, कोणाचा, असे का केलेस, हे प्रश्न ती त्याला करत नाही. आपल्याकडे आजारी माणसाविषयीची आस्था बहुधा चौकशीच्याच रूपाने व्यक्त होते. ‘काय कमी होतं त्याला?’ हा प्रश्न सांत्वनाच्या आवाजात विचारलेला आरोप असतो. जानकी हा आरोप करत नाही. हा तरुण गुणी आहे की नाही, हे प्रेक्षकालाही बराच काळ कळत नाही. तो तुसडा आहे, उद्धट आहे, उपकाराची जाणीव दाखवत नाही. शेषवर प्रेम करणे सोपे होते. या मुलाला घरात ठेवणे कठीण आहे आणि चित्रपट ते कठीणच ठेवतो. निसर्ग येथेही आहे, पण त्याचे काम बदलले आहे. मादी कासव वाळूत अंडी घालून निघून जाते; पिल्लांना समुद्राकडे जाण्यापुरते संरक्षण द्यायचे, उचलून पाण्यात टाकायचे नाही, ही दत्ताभाऊंच्या कामाची रीत आहे. रुग्णाच्या मनाचे रूपक मागे पडून काळजीवाहकाच्या वागण्याचे रूपक पुढे आले, ही ‘देवराई’कडून ‘कासव’कडे झालेली खरी वाटचाल.

हाच विचार कायद्यात येण्यास त्याच सुमाराचा मुहूर्त मिळावा, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावयाचे आहे; तिच्यावर खटला चालवावयाचा नाही. कलम ९५ ने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली. कायद्याने चौकशीआधी काळजीला स्थान दिले. अर्थात कायद्याने मानले म्हणजे समाजाने मानले असे होत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण त्या राज्यांत निरनिराळ्या विकारांसाठी उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढेच आढळले. यात डॉक्टरांची टंचाई आहे, तशीच लाजही आहे.

‘कासव’ची मर्यादा वर्गीय आहे आणि ती लपवण्याचा प्रयत्न चित्रपटाने केलेला नाही. न विचारण्याची चैन जानकीला परवडते. तिच्याकडे समुद्राकाठचे मोठे घर आहे, गाडी आणि ती चालवणारा यदू आहे, स्वयंपाकाला माणूस आहे आणि मुख्य म्हणजे तिला कोणाला उत्तर द्यायचे नाही. दोन खोल्यांच्या घरात, रोजंदारी बुडवून मुलापाशी बसणाऱ्या आईने ‘का केलंस?’ असे विचारले, तर तिला असंवेदनशील ठरवता येणार नाही. दोन्ही चित्रपटांतील सुश्रूषेचा मुख्य भार स्त्रीवर आहे, हेही दुर्लक्षिता येत नाही. मग हीच स्त्री आजारी पडली तर? सीनाच्या जागी शेष आणि शेषच्या जागी सीना, असा उलट पट मांडून पाहिला, तर कथा बहुधा पुण्याच्या घरापर्यंत पोहोचतच नाही. माहेरी नेऊन सोडलेल्या सुनेची कथा होते आणि ती कथा घटस्फोटाच्या अर्जातील एका स्पष्टीकरणाने संपते.

या दोन्ही चित्रपटांत घर आहे. शेषला न्यायला सीना येते, अनोळखी मुलाला जानकी उचलते. ज्याला न्यायला कोणी येत नाही, असा मनोरुग्ण या चित्रपटांच्या कक्षेत येत नाही. बरे होऊनही मनोरुग्णालयांतच खितपत पडलेल्या व्यक्तींचा प्रश्न गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांच्या पुनर्वसनाविषयी केंद्र व राज्यांना निर्देश दिले. या व्यक्तींची लक्षणे आटोक्यात असतात, औषधे चालू असतात, घरी सोडण्यास हरकत नसल्याचा शेरा कागदावर असतो. दाखल करताना लिहिलेल्या पत्त्यावर रुग्णालयाचे पत्र जाते. कधी तेथे घर नसते, कधी घर असते आणि उत्तर येत नाही.